मथळ्याखालचं बारीक अक्षर

जग बुडणार, आकाशातून लोखंड कोसळणार, हजाराच्या नोटा बंद होणार. या तिन्ही बातम्या मी आपल्या शाळेत वाचल्या. पहिली माझ्या जन्माआधीची, ग्रंथालयातल्या जुन्या गठ्ठ्यात सापडलेली. बाकीच्या दोन मी स्वतः खडूने फळ्यावर लिहिलेल्या.

ऑफिसच्या दाराशेजारी तो फळा होता. कराडहून दुपारच्या एसटीने वर्तमानपत्र यायचं, संध्याकाळी ते सरांच्या घरी जायचं आणि दुसऱ्या दिवशी प्रार्थनेआधी त्यातले मथळे ‘आजच्या ठळक बातम्या’ म्हणून फळ्यावर उतरायचे. माझं अक्षर मोठं, म्हणून ते काम माझ्याकडे आलं. आमच्या भूगोलाच्या सरांची मात्र एक अट होती. मथळा लिहायचा तर त्याखालची बातमी शेवटच्या ओळीपर्यंत वाचून यायचं, आणि कुणी विचारलं तर सांगता आलं पाहिजे.

जानेवारी १९७८ मध्ये एक हजार, पाच हजार आणि दहा हजारांच्या नोटा रद्द झाल्या. मी तो मथळा फळाभर लिहिला. मधल्या सुट्टीत आमचे शिपाईमामा फळ्यापुढे उभे राहिले आणि त्यांनी मनापासून विचारलं, “दहा हजाराची नोट असती व्हय?” त्या एका प्रश्नाने अख्खी शाळा हसली. गावात त्या दिवशी कुणाच्याही घरात धावपळ झाली नाही. शंभराची नोटसुद्धा दिवाळी-दसऱ्याला दिसायची, तिथे रद्द काय व्हायचं?

खरी गंमत पुढच्या वर्षीची, स्कायलॅबची. १९७३ साली अमेरिकेने सोडलेली ती सत्तर-पंचाहत्तर टनांची प्रयोगशाळा जुलै १९७९ मध्ये पृथ्वीवर कोसळणार होती आणि नेमकी कुठे, ते ती सोडणाऱ्यांनाही सांगता येत नव्हतं. त्यामुळे रोज नवा मथळा आणि रोज शेवटी प्रश्नचिन्ह. गावाने त्या प्रश्नचिन्हाचं उत्तर आपल्या पद्धतीने दिलं. आखाड चालूच होता, श्रावण तोंडावर आला होता. ‘मरायचंच आहे तर कोंबडं कशाला ठेवायचं’ असं म्हणत आमच्या आळीत चुलींवर रस्सा उकळू लागला. एका आजींनी वर्षाच्या कुरडया-पापड एका बैठकीत तळून पोरांना वाटले. आम्हा पोरांना तर स्कायलॅब रोज पडावी असं वाटायला लागलं होतं!

सरांनी त्या आठवड्यात भूगोल बाजूला ठेवला. बातमीच्या पोटात बारीक अक्षरात एक आकडा होता: पृथ्वीवरच्या कुणाही एका माणसाला तुकडा लागण्याची शक्यता १५२ मध्ये १. सगळे घाबरले ते या आकड्याला. सरांनी विचारलं, “हा एक कोण? तू की जगातला कुणीही?” मग जगाची लोकसंख्या फळ्यावर मांडली, आणि तो तुकडा नेमका आपल्यालाच लागण्याची शक्यता काढताना खालची संख्या फळ्यावर मावेना. बाळू (नाव बदललं आहे) उठून म्हणाला, “म्हणजे आमचा कोंबडा फुकटच गेला की, सर!” सरही हसून बाकावर बसले.

११ जुलैला आपल्याकडे रात्रीचे दहा वाजून गेले होते तेव्हा ती कोसळली. तुकडे हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात एस्परन्स गावाच्या आसपास पडले. कुणाला खरचटलंही नाही. पुढे त्या गावाच्या पालिकेने रस्त्यात कचरा टाकला म्हणून नासाला ४०० डॉलरचा दंड ठोठावला. ही गोष्ट मला बरीच नंतर कळली आणि सर आठवले. हा मथळा त्यांनी मला स्वतःहून लिहायला लावला असता.

१६ फेब्रुवारी १९८० च्या सूर्यग्रहणाबद्दल थोडक्यात सांगतो. खग्रास पट्टा कर्नाटकातून कोणार्क-पुरीकडे जात होता, आपल्याकडे खंडग्रास होतं. शनिवार असल्याने शाळा सकाळची. मथळे इतके भीतिदायक की दुपारी रस्त्यावर कुत्रं नव्हतं. सरांनी आम्हा पाचसहा जणांना, आईवडिलांना विचारून, परत बोलावलं आणि मैदानातल्या कडुनिंबाखाली उभं केलं. सूर्याकडे बघायची सक्त मनाई, नजर जमिनीवर. पानांच्या फटींतून पडणारे एरवीचे गोल कवडसे चंद्रकोरीसारखे झाले होते. शेकडो कोरी, सगळ्या एकाच दिशेला वळलेल्या, वारा आला की हलणाऱ्या.

त्या वर्षी सरांनी ग्रंथालयाचं मागचं कपाट उघडून दिलं. १९५७ चा गठ्ठा नव्या पैशाचा. १ एप्रिलला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. चार आण्यांचे पंचवीस, पण एका आण्याचे सव्वासहा, म्हणून हिशेबात सहा. म्हणजे एकेक आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर चोवीसच पैसे पडणार, आणि तीन आणे एकदम दिले तर अठराऐवजी एकोणीस. गिऱ्हाईक आणि दुकानदार यांच्या झटापटीच्या बातम्या आम्ही नाट्यवाचनासारख्या वाचल्या.

त्याखाली फेब्रुवारी १९६२ ची अष्टग्रही. सूर्य, चंद्र, पाच ग्रह आणि केतू मकर राशीत एकत्र येणार म्हणून जगाचा अंत ठरलेला. देशभर यज्ञ, होम, जप. पहिल्या पानावर हे सगळं, आणि आतल्या पानावर पुढच्या आठवड्यातल्या नाटकाची जाहिरात, ‘तिकीटविक्री चालू’! सरांनी तेवढीच जाहिरात मोठ्याने वाचून दाखवली होती. मला आजही वाटतं, त्या नाटकवाल्याला पेपर कसा वाचायचा ते बरोबर कळलं होतं.

गेल्या महिन्यात ते कपाट उघडून पाहिलं. कागद पिवळे पडलेत, घडीवर हात लावला की कडा तुटतात. १९५७ ची पहिली काही पानं गेलीच आहेत. आमच्या १९८२ च्या दहावीच्या तुकडीने स्कॅनिंगचा खर्च उचलायचं ठरवलं आहे, मुख्याध्यापकांची परवानगीही मिळाली आहे. पानं उलटायला हलक्या हाताची माणसं हवी आहेत. ज्यांना सुट्टीच्या दिवशी येता येईल त्यांनी ऑफिसात नाव द्यावं. आणि कुणाच्या घरी जुलै १९७९ चा एखादा अंक ट्रंकेच्या तळाशी निघाला तर तो रद्दीत घालू नये. आपल्या गठ्ठ्यात नेमका तोच महिना नाही.