तुझी लेव्हल काय, आणि पुढचं सगळं

परवा रात्री साडेअकराला एका पोराचा फोन, आवाज इतका बारीक की मला वाटलं बाथरूममध्ये दार लावूनच बोलतोय. वय चोवीस, आठ महिन्यांपूर्वी बाइकवरून पडला, मज्जारज्जूला इजा, लेव्हल डी९ (म्हणजे इजा कुठे आहे ते, डी म्हणजे पाठीचा भाग, आकडा जितका लहान तितकी इजा वर). दहा मिनिटं बेडसोअर, कॅथेटर (लघवीची नळी), फिजिओ असं सगळं फिरून आल्यावर म्हणाला, "दादा, ते... लग्नाचं काय?" म्हटलं अरे सरळ विचार की, मीपण असाच एकाला रात्री फोन केला होता.

माझी लेव्हल डी५. २०१६ ला गोठ्याचा सिमेंटचा पत्रा बदलताना पत्रा फुटला आणि मी खाली. लग्नाला तेव्हा सात महिने झालेले. डिस्चार्जच्या वेळी लघवी, संडास, कूस बदलणं सगळं शिकवलं, पण नवरा-बायकोच्या संबंधांचा विषय काढला तर डॉक्टर फाइलमध्ये बघत म्हणाले, "ते आता विसरा." बायको शेजारीच उभी होती. आणि आम्ही दोन वर्षं खरंच विसरलो, वेड्यासारखं.

तर त्या पोराला सांगितलं तेच इथे लिहितो. ताठरता, जाणीव, वीर्य बाहेर येणं आणि मूल होणं या चार वेगळ्या वायरी आहेत, एक तुटली म्हणजे चारही गेल्या असं नाही. हात लागल्यावर येणारी ताठरता मज्जारज्जूच्या पार शेवटच्या भागातून चालते, एस२ ते एस४ (एस म्हणजे माकडहाडाच्या वरचा भाग), त्यामुळे इजा वर असेल तर ती बहुतेकदा शिल्लक असते, कॅथेटर घालताना नको तेव्हा येते ती हीच (माझं आईसमोर झालंय, जाऊ दे). मनात आलं म्हणून येणारी मात्र मेंदूचा निरोप डी११ ते एल२ (एल म्हणजे कंबर) पर्यंत पोचला तरच, माझा पोचत नाही. टिकत नसेल तर सिल्डेनाफिल आहे, पण डॉक्टरांना विचारून, आणि हार्टसाठी नायट्रेट घेत असाल तर अजिबात नाही, बीपी धाडकन खाली येतं.

खरी अडचण वीर्याची. आपल्यातल्या बहुतेकांना संबंधातून ते येतच नाही. डी१० किंवा त्याच्या वरची इजा असेल तर व्हायब्रेटरनं यायची शक्यता चांगली असते, पण मी शहाणा, ऑनलाइन मागवलेलं मानेचं मसाज मशीन लावलं. वीर्य नाही काही नाही, डोकं मात्र घण मारल्यासारखं ठणकायला लागलं, तोंड लालबुंद, कपाळावर घामाच्या धारा आणि पाय कोरडे ठाक. बायकोनं मशीन ओढून फेकलं, मला ताठ बसवलं, तेव्हा कुठे उतरलं. याला ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया म्हणतात, डी६ आणि त्याच्या वरच्यांना धोका जास्त, बीपी इतकं चढू शकतं की मेंदूत रक्तस्राव व्हावा. म्हणून पहिली वेळ दवाखान्यातच, हे मी त्याच्याकडून दोनदा वदवून घेतलं.

दवाखान्यातलं मशीन वेगळंच, 2.5 मिलीमीटरची हालचाल, सेकंदाला 100 वेळा. आधी बीपीची गोळी दिली, लघवी काढली, दंडाला पट्टा, सिस्टर दर मिनिटाला आकडा सांगतायत. तिसऱ्या मिनिटाला पोटाला स्पॅझम आला, पाय आखडले, आणि झालं. मला खाली काहीच कळलं नाही, बायको म्हणाली, "अहो, आलं!" कपात बघितलं तर तपकिरी. घाबरलोच मी, डॉक्टर म्हणाले मज्जारज्जूच्या पेशंटमध्ये असा रंग दिसतो कधीकधी. रिपोर्ट आला, काउंट चांगला, हलणारे शुक्राणू फक्त ९ टक्के. हेही आपल्यात नेहमीचं, संख्या बरी असते पण हालचाल मार खाते. ज्यांचं मशीननं होत नाही त्यांना भूल देऊन विजेच्या उत्तेजनानं काढतात, नाहीतर अंडकोषातून सुईनं.

मध्यंतरी आत्या आली होती, स्वयंपाकघरात बायकोला म्हणते, तू एकदा तपासून घे गं. मी खुर्ची तशीच आत घेतली, म्हटलं आत्या, तिचं सगळं ठीक आहे, माझे नऊ टक्के आलेत. आत्या म्हणाली, "म्हणजे नापासच की रे!" बायको तवा सोडून हसत बाहेर गेली, चपाती करपली.

आययूआय, म्हणजे वीर्य नळीनं थेट गर्भाशयात सोडणं, दोनदा फसलं. आता इक्सी, त्यात एका अंड्यात एकच शुक्राणू सोडतात, म्हणजे नऊ टक्केवाल्यालाही चालतं. तीन गर्भ गोठवून ठेवलेत, दिवाळीनंतरची तारीख आहे. पैसे अर्धे जमलेत, म्हैस विकायची की नाही यावर घरात रोज वाद चालू आहे.