लॅक्टुलोजची बाटली, पण कुत्र्यासाठी

इंग्लंडमधल्या कुठल्याही फार्मसीत लॅक्टुलोज असतं. बद्धकोष्ठाचं साधं औषध. माणसासाठी मागितलंत तर दोन प्रश्न विचारून देतात. "कुत्र्याच्या पिल्लाच्या यकृताच्या दुखण्यासाठी हवंय" असं खरं बोललात की बाटली परत फळीवर जाते आणि व्हेटची लेखी चिठ्ठी आणायला सांगतात. बाटली तीच, किंमत तीच, पण कुत्र्यासाठी म्हटल्याबरोबर चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदा.

यामागे व्हेटरिनरी मेडिसिन्स रेग्युलेशन्स २०१३ हा नियम आहे. प्राण्याला आधी प्राण्यांसाठी मान्यता असलेलं औषध द्यायचं, योग्य तसं नसेल तरच पायरी पायरीने खाली उतरायचं. याला इथे 'कॅस्केड' म्हणतात. माणसांची औषधं बऱ्याच खालच्या पायरीवर, आणि तिथे उतरायचं की नाही हे व्हेटने ठरवायचं. चिठ्ठीवर 'कॅस्केडखाली दिलं आहे' असं लिहावं लागतं आणि बाटलीवर 'फक्त प्राण्यासाठी' असं लेबल लागतं. वर चिठ्ठी लिहून देण्याचे वेगळे पैसे, जे कधी कधी बाटलीपेक्षा जास्त भरतात. कोथरूडच्या कोपऱ्यावरचा मेडिकलवाला एवढ्यात बाटली कागदात गुंडाळून सुटे पैसेही परत करतो.

बरेचजण मग "सासूबाईंसाठी" म्हणून बाटली घेतात. गोम इथेच आहे. त्या बाटलीवर मोठ्या माणसाचा डोस छापलेला असतो, १५ मिलीच्या आसपास. दीड किलोच्या यॉर्कशायर टेरियरच्या पिल्लाला सुरुवातीला साधारण ०.७५ मिली लागतं. वीसपट फरक. चिठ्ठीने डोस तरी नावानिशी, मिलीसकट लिहून मिळतो, हे कबूल करावंच लागतं. कोपऱ्यावरचा मेडिकलवाला लॅक्टुलोजबरोबर मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचं पाकीटही तितक्याच प्रेमाने देतो, तेव्हा अभिमान जरा जपूनच बाळगावा. व्यवहाराचं सांगायचं तर ही चिठ्ठी सहा महिने चालते. व्हेटला 'रिपीट' लिहायला सांगा, म्हणजे दर महिन्याला तोच भुर्दंड पडत नाही.

पण बद्धकोष्ठाचं औषध यकृताच्या दुखण्याला कशाला? छोट्या जातींच्या पिल्लांत, म्हणजे यॉर्की, माल्टीज, शित्झू, पग, मिनिएचर श्नाउझर यांच्यात, जन्मजात 'लिव्हर शंट' आढळतो. आतड्यातलं रक्त पोर्टल शिरेतून यकृतात जाऊन स्वच्छ व्हायचं असतं. इथे एक जादा शीर असते, आणि जकात नाका चुकवून ट्रक गावात शिरावा तसं ते रक्त न तपासता थेट मोठ्या शिरेत मिसळतं. आतड्यातले जंतू प्रथिनं फोडून अमोनिया करतात, तो मेंदूपर्यंत पोचतो. पिल्लू भावंडांत सगळ्यात किडकिडीत राहतं, पाणी फार पितं, आणि जेवल्यावर तास-दोन तासांनी गुंगल्यासारखं होतं, गोल गोल फिरतं, भिंतीला डोकं टेकवून उभं राहतं. कधी फिटही येते. "जेवून सुस्तावलंय" म्हणून हे सोडून देऊ नका.

तपासणीत रक्तातलं बाइल ॲसिड, म्हणजे पित्ताम्ल, दोनदा मोजतात, उपाशीपोटी आणि जेवणानंतर दोन तासांनी. उपाशी म्हणजे एरवी १२ तास, पण एवढ्या लहान जिवाची साखर तेवढ्यात उतरू शकते, म्हणून वेळ व्हेटलाच ठरवू द्या. माल्टीजमध्ये हा आकडा शंट नसतानाही वर येतो. अमोनियाचा नमुना बर्फात ठेवून लगेच तपासावा लागतो, त्यामुळे प्रत्येक दवाखान्यात ते जमत नाही. शंट कुठे आहे ते सोनोग्राफीत किंवा सीटी अँजिओग्राफीत दिसतं.

लॅक्टुलोज आतड्यात पचत नाही. जंतू ते आंबवतात, आतडं आम्लधर्मी होतं, अमोनिया तिथेच अडकतो आणि शीबरोबर बाहेर पडतो. सुरुवात किलोमागे अर्धा मिली, दर आठ तासांनी. पुढचा डोस शी ठरवते. दिवसातून दोन-तीनदा मऊ, पण आकार धरणारी शी झाली की डोस बसला. पाण्यासारखी झाली तर तो जास्त आहे, आणि हे नुसतं गैरसोयीचं नाही: जुलाबाने पाणी आणि पोटॅशियम कमी होतं, त्याने अमोनियाचा त्रास उलट वाढतो. १ मिलीची सुई नसलेली सिरिंज वापरा, गालाच्या पिशवीत हळू सोडा. पातळ करायला गेलात तर निम्मं दाढीला चिकटतं.

मेट्रोनिडाझोल दिलंच तर शंटमध्ये डोस कमी ठेवतात, साधारण किलोमागे ७.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. जास्त झालं किंवा लांबलं की पिल्लू झोकांड्या खातं, डोळे थरथरतात, आणि दुखणं वाढलं असं वाटून औषधाचं पाप आजाराच्या माथी जातं. घरून पाठवलेली यकृताची आयुर्वेदिक सिरपं इथे काही करत नाहीत, कारण आतड्यातलं बरंच रक्त यकृतात पोचतच नाही. पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन कधीच नाही. जंताचं किंवा गोचिडाचं औषधही विचारूनच.

आता पथ्य. सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती जास्त काळजी घेणारेच करतात: प्रोटीन बंद. वाढतं पिल्लू आहे ते. प्रोटीन फार कापलं तर स्नायू झिजतात, आणि स्नायूही थोडा अमोनिया निकामी करत असतात, म्हणजे कापण्याचा हेतूच फसतो.

हिशोब असा. १६ आठवड्यांचं, दीड किलोचं पिल्लू घ्या. विश्रांतीच्या कॅलरी म्हणजे वजनाचा ०.७५ घात गुणिले ७०, इथे ९५. वाढीसाठी दुप्पट, म्हणजे १९०. यकृताच्या पथ्याचं कोरडं खाणं १०० ग्रॅमला ३९०-४०० कॅलरी देतं, म्हणजे दिवसाला ४८ ग्रॅम, पाच वेळांत विभागून दर वेळी दहा ग्रॅमहून जरा कमी. त्यात १६ टक्के धरलं तर पावणेआठ ग्रॅम प्रोटीन. अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या २००६च्या तक्त्याप्रमाणे १४ आठवड्यांपुढच्या पिल्लाला १००० कॅलरींमागे साधारण ४४ ग्रॅम हवं, म्हणजे इथे सव्वाआठ. तूट अर्ध्या ग्रॅमची. पाच ग्रॅम पनीर ती भरून काढतं. १४ आठवड्यांखालच्या पिल्लाला १००० कॅलरींमागे ५६ ग्रॅम लागतं, तिथे ही तूट मोठी होते आणि व्हेटशी बोलूनच भरावी लागते.

पनीर घरचं, साय काढलेल्या दुधाचं, बिनमिठाचं. दुकानातल्या कॉटेज चीजवर मिठाचा आकडा वाचून घ्या. अल्ब्युमिन (रक्तातलं एक प्रोटीन) कमी असलेल्या पिल्लाच्या पोटात पाणी साठू शकतं, त्यात मीठ नको. वाढ करायची ती लक्षणं शांत असताना, पाच ग्रॅमच्या पायरीने, आणि पुढची पायरी आठवडाभर पिल्लू बघून.

दुग्धजन्य आणि वनस्पतींचं प्रोटीन या पिल्लांना लाल मांसापेक्षा बरं सोसतं. इंग्लंडात कुत्र्याला डाळ घालता म्हटलं की नाकं मुरडली जातात. इथे कच्च्या मांसाचं आणि 'ग्रेन-फ्री'चं वेड आहे. त्याच लोकांना यकृताच्या पथ्याच्या पाकिटावरचे घटक वाचायला द्यावेत: तांदूळ किंवा मका, आणि सोयाचं प्रोटीन. आपला मऊ भात आणि मूगडाळ यापासून फार लांब नाही. तरी नुसत्या वरण-भातावर पिल्लू वाढवू नका. त्यात कॅल्शियम नावालाच, झिंक अपुरं, आणि कॅल्शियमवाचून हाडं मऊ पडतात. घरचंच द्यायचं असेल तर पशुआहारतज्ज्ञाकडून ग्रॅममधली पाककृती आणि तिच्यासोबतचं खनिज मिश्रण घ्या. फोडणी नाही, कांदा-लसूण नाही, मनुका नाहीत. पीनट बटर देत असाल तर त्यात झायलिटॉल, म्हणजे साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ, नाही हे वाचा. झायलिटॉल धडधाकट कुत्र्याचंही यकृत बंद पाडतं.

पथ्य नीट चालू असताना अचानक गुंगी आली तर आधी चघळायच्या वस्तू शोधा. डुकराचे कान, वाळवलेली कातडी, बुली स्टिक. हे जवळजवळ निव्वळ प्रोटीन, आणि या देशात प्रत्येक शेजारी खिशात घेऊन फिरतो. मग बद्धकोष्ठ, उलटी-जुलाब, कुठला जंतुसंसर्ग. आतड्यात रक्तस्राव असेल तर तोही बघावा लागतो, कारण पोटात गेलेलं रक्त म्हणजे प्रोटीनच. शूत रक्त किंवा कुंथणं दिसलं तर अमोनियम युरेटचे खडे असू शकतात. साध्या एक्स-रेत ते बऱ्याचदा दिसत नाहीत, सोनोग्राफी मागा. नर पिल्लाची शू बंद झाली तर थांबायचंच नाही.

रात्रीचा घास उशिरा आणि सकाळचा लवकर ठेवा, मधे सहा तासांहून जास्त खंड नको. या यकृतात साखरेचा पुरेसा साठा होत नाही. पिल्लू थंड पडलं, थरथरलं, पाय लटपटले, तर हिरडीला मध चोळा, तोंडात ओतू नका, आणि व्हेटकडे निघा.

शस्त्रक्रिया हा बऱ्याच पिल्लांचा खरा उपाय, पण आधी काही आठवडे पथ्य आणि लॅक्टुलोजवर स्थिर करतात. ॲमेरॉइड नावाची कडी त्या जादा शिरेभोवती बसवतात. तिच्या आतलं केसिन, म्हणजे दुधातलंच प्रोटीन, पाणी शोषून फुगतं आणि शीर हळूहळू बंद होते. एकदम बंद केली तर पोर्टल शिरेतला दाब जीव घेऊ शकतो. पहिल्या तीन-चार दिवसांत अमोनिया ठीक असूनही फिट येऊ शकते, म्हणून दवाखान्यातच ठेवतात. विमा मात्र पिल्लू घरी येताच काढा. लक्षणं आधी नोंदली गेली असतील तर हा खर्च 'आधीचा आजार' म्हणून तुमच्यावर पडतो. आणि ब्रीडरला कळवा. ६ एप्रिल २०२० पासून इंग्लंडात दुकानं आणि दलाल सहा महिन्यांखालचं पिल्लू विकू शकत नाहीत, म्हणजे ब्रीडरचा पत्ता बहुधा तुमच्याकडे असतो, आणि यॉर्कीत हा दोष घराण्यात चालतो.

राहता राहिला भारतातून सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-बाबांचा प्रश्न. "लेकराला उपाशी मारताय" हे ऐकावं लागणारच, आणि टेबलाखाली तूप लावलेल्या पोळीचा घास जाणारच. वाद घालत बसू नका. सकाळी दिवसाचे ४८ ग्रॅम मोजून एका छोट्या डब्यात भरा आणि डबा त्यांच्याच हाती द्या. काय द्यायचं ते त्यातलंच, हवं तितक्या वेळा. संध्याकाळी डबा रिकामा असेल आणि शी मऊ असेल, तर आजींनी किती घास भरवले याची चौकशी करायची गरज नाही.