आमची वाटचाल : कोरड्या खड्ड्यांचा हिशेब

आमची फर्म मुळात मीटरची. मोठ्या जलवाहिन्यांवर पाण्याचा प्रवाह मोजणारे फ्लोमीटर बसवायचे, ठरल्या मुदतीत तपासायचे, बिघडले की दुरुस्त करून द्यायचे. नफा बेताचा, पण धंदा बंद पडण्यातला नाही. या कामात एक गोष्ट कायम समोर यायची : शुद्धीकरण केंद्रातून निघालेलं पाणी आणि ग्राहकांच्या मीटरवर पडलेलं पाणी यांचा मेळ बसत नसे. कुठेच. लिम्बर्गर आणि वायट या तज्ज्ञांनी २०१९ साली जगभराचा जो अंदाज मांडला, त्यानुसार असं हिशेबाबाहेर जाणारं पाणी वर्षाला १२६ अब्ज घनमीटरच्या घरात आहे. त्यात चोरी आली, बंद मीटर आले आणि जमिनीखालची गळती आली. रस्त्यावर पाणी वर आलं की लोक फोन करतात, दुसऱ्या दिवशी ती बुजवली जाते. खरं नुकसान करते ती वर न येणारी गळती. ती वर्षानुवर्षं गुपचूप वाहत राहते.

ती शोधायचं जुनं साधन म्हणजे माणसाचा कान. आमच्याकडे एक फिटरकाका होते. मध्यरात्रीनंतर रहदारी थांबली की बाहेर पडायचे. सळईचं एक टोक व्हॉल्व्हच्या स्पिंडलवर (म्हणजे तो फिरवायच्या दांड्यावर), दुसरं कानाला, आणि डोळे मिटलेले. ‘हे मीटरचं चाक फिरतंय.’ ‘कुणीतरी टाकी भरतोय.’ मग एखाद्या ठिकाणी बराच वेळ थांबून, ‘ही मात्र खरी.’ आणि बहुतेक वेळा ती खरीच असायची. काका निवृत्त झाले तेव्हा त्यांच्या जागी तसा कान मिळेना. नवी मुलं हुशार होती, पण असा कान तयार व्हायला उमेदीची वर्षं सरतात. कृत्रिम बुद्धिमत्तेकडे आम्ही वळलो ते या अडचणीपायी.

काळही सोयीचा होता. २०१२ नंतर चित्रं ओळखणारी न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणं पाहून शिकणारे प्रोग्राम, झपाट्याने सुधारली. २०१५ साली गूगलने ती घडवायचं टेन्सरफ्लो हे सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं केलं, आणि आमच्यासारख्या मूठभर माणसांच्या फर्मलाही हे प्रयोग परवडू लागले. आवाजाचं चित्र काढता येतं : आडव्या अक्षावर वेळ, उभ्यावर वारंवारता, आणि जिथे जोर जास्त तिथे रंग गडद. गळतीचा आवाज या चित्रात अखंड पट्ट्यासारखा दिसतो, कारण ती थांबतच नाही. नळ उघडतो आणि बंद होतो, पंप ठरल्या वेळी सुरू होतो, विजेच्या ट्रान्सफॉर्मरची घरघर एकाच सुरात असते. व्हॉल्व्हवर चुंबकाने चिकटणारे सेन्सर बसवले, रात्री दोन ते चारमधले आवाज साठवले आणि काकांना पुन्हा बोलावून त्यांच्याकडून त्या आवाजांना नावं लावून घेतली. आमच्या यंत्रणेचा पाया तो आहे. पुढे लोक तिला ‘एआय’ म्हणाले. काका अजूनही ‘मशीन’च म्हणतात.

इथे एक खुलासा. गळतीची जागा काढण्यात एआयचा काहीच पराक्रम नाही, ते जुनं शाळकरी गणित आहे. समजा, दोन सेन्सर १०० मीटर अंतरावर आहेत. धातूच्या पाइपात आवाज सेकंदाला साधारण १२०० मीटर जातो. एका सेन्सरला तो दुसऱ्यापेक्षा ०.०२ सेकंद आधी ऐकू आला, म्हणजे २४ मीटरचा फरक. १०० मधून २४ वजा करून निम्मे केले की उत्तर ३८ : पहिल्या सेन्सरपासून ३८ मीटरवर खणा. एआयचं काम याच्या आधीचं, हा आवाज गळतीचा आहे की नाही हे ठरवण्याचं. शेकडो सेन्सर रोज रात्री ऐकत असतात आणि सकाळी खोदाईला टोळी एकच असते. तिने आधी कुठे जायचं, एवढं सांगणारी यादी ते देतं. समाजाचे प्रश्न एआय सोडवेल असं व्यासपीठावरून म्हटलं जातं तेव्हा मला ही यादी आठवते. प्रश्न सुटतो तो टोळीने खड्डा खणून, पाइपला क्लॅम्प बसवून, माती नीट ठोकल्यावर.

सादरीकरणात आम्हाला हमखास विचारतात, ‘अचूकता किती टक्के?’ शंभरातल्या एकाच जागी गळती असेल, तर ‘कुठेही गळती नाही’ असं डोळे झाकून सांगणारं यंत्रही ९९ टक्के अचूक ठरतं! म्हणून आम्ही टक्के सांगत नाही, कोरडे खड्डे सांगतो. आम्ही खूण केलेल्या किती ठिकाणी खणल्यावर पाणी लागलं नाही, आणि जी गळती पुढे आपोआप वर आली त्यातली किती आमच्या यादीत नव्हती, हे दोन आकडे पुरेत. कोरडा खड्डा म्हणजे फोडलेला रस्ता, वाया गेलेली मजुरी आणि पुढच्या वेळी आमच्यावर न बसणारा विश्वास.

यासाठी खोदाईच्या टोळीला मोबाइलवर तीन बटणं दिली : ‘गळती’, ‘कोरडा’, ‘दुसरंच काही’. सगळ्यात मोलाचं निघालं तिसरं. अर्धवट उघडा राहिलेला व्हॉल्व्ह हुबेहूब गळतीसारखा सूं-सूं करतो. नकाशावर नसलेलं कनेक्शनही तसंच बोलतं. या नोंदी परत यंत्राला शिकवल्यावर कोरडे खड्डे दिसण्याइतके घटले.

मग प्लॅस्टिकच्या पाइपांचा प्रश्न आला, आणि माझ्या मते या सगळ्या वाटचालीतला तोच सगळ्यात गंभीर आहे. धातूत आवाज दूरवर जातो; प्लॅस्टिकमध्ये तो लवकर विरतो आणि उरतो तो खालच्या सुरातला. आमचे बहुतेक आवाज जुन्या, धातूच्या वाहिन्यांवरचे. त्या असतात जुन्या, बऱ्यापैकी सधन भागांत. नव्याने वाढलेल्या वस्त्यांत प्लॅस्टिक, आणि तिथलेच लोक कमी दाबाने, वेळी-अवेळी पाणी भरणारे. म्हणजे यंत्र तिथेच बहिरं, जिथे गरज जास्त. तक्रारींच्या नोंदी शिकवणीला वापराव्यात असा सल्ला मिळाला, पण तोही याच दिशेने नेणारा होता. फोन करणाऱ्याची गळती नोंदली जाते, फोन करून उपयोग नाही असं मानणाऱ्याची नाही.

२०१९ च्या ऑक्टोबरमध्ये ‘सायन्स’ या विज्ञानपत्रिकेत अमेरिकेतल्या आरोग्यसेवेबद्दल एक अभ्यास आला, तो मी आमच्या सगळ्या मुलांना वाचायला लावला. जादा उपचार कोणाला द्यावेत हे ठरवणारी एक यंत्रणा आजाराऐवजी खर्च मोजत होती. कृष्णवर्णीय रुग्णांवर खर्चच कमी होत आलेला, म्हणून ते तितकेच आजारी असूनही यादीत खाली पडत. अभ्यासकांच्या हिशेबाने हा दोष काढला तर जादा मदत मिळणाऱ्यांत त्यांचं प्रमाण १७.७ वरून ४६.५ टक्क्यांवर जात होतं. त्या यंत्रणेला वर्ण सांगितलेलाही नव्हता. आकडे कुठून आले, एवढ्यावरच घोळ झाला.

त्यानंतर आम्ही मोबदल्याची पद्धतच बदलली. सापडलेल्या गळतीमागे पैसे, हा व्यवहार वरवर चोख दिसतो. पण त्यात आम्हाला सोप्या, धातूच्या पाइपांवर फिरत राहण्याची लालूच होती. आता मोबदला ठरतो तो प्रत्येक विभागाच्या रात्रीच्या किमान प्रवाहावर. लोक झोपलेले असताना मीटरमधून जे पाणी जातं, त्यात बहुतांश गळतीच असते. तो आकडा जिथे उतरेल तिथे पैसे, आणि वस्त्यांचे विभाग करारात आधी.

एक मोठं काम आम्ही सोडलंही. काम देणाऱ्यांना शहरभर सेन्सर हवे होते, आणि आमच्या पाहणीत दिसलं की रात्रीचा दाबच गरजेपेक्षा दुप्पट आहे. न बदलणाऱ्या भोकातून दाब निम्मा केला की गळती सुमारे तीस टक्के घटते. दाबाने रुंदावणारी चीर असेल तर निम्म्याहून जास्त. दाब कमी करणारे व्हॉल्व्ह बसवा, सेन्सरचं नंतर बघू, असं लेखी कळवलं. आमच्या विक्री बघणाऱ्या पोराने दोन दिवस माझ्याशी धड बोलणं टाकलं होतं. व्हॉल्व्ह बसले, ते दुसऱ्या कुणाकडून तरी.

सध्या प्लॅस्टिकच्या वाहिन्यांसाठी थेट पाण्यात बसणारे माइक, म्हणजे हायड्रोफोन, लावून नवे आवाज जमवतोय. चुंबकाच्या सेन्सरपेक्षा हे महाग आणि बसवायला कटकटीचं, शिवाय पाणी ठरावीक तासच येत असेल तर ऐकायला तेवढेच तास. त्या आवाजांना नावं लावायला काका आठवड्यातून एकदा येतात. खालच्या सुरातले आवाज आपल्यालाही नवेच आहेत, असं ते म्हणतात, म्हणून तिथे नावं लागतात ती खणून झाल्यावरच.