कोंडागावचे नळपार

रायपूरहून जगदलपूरकडे निघालेली बस धमतरी, कांकेर मागे टाकते आणि केशकालचा घाट चढू लागते. बारा वळणांचा म्हणून या घाटाला इथले लोक 'बारा भांवर' म्हणतात. वर आलं की बस्तरचं पठार सुरू होतं, आणि तास-सव्वा तासात कोंडागाव. बहुतेक प्रवासी इथे चहाला उतरतात, हमरस्त्यावरच्या दुकानातून पितळेचा एखादा हत्ती घेतात आणि चित्रकोटचा धबधबा बघायला पुढे जातात. मी मुक्कामालाच आलो होतो. मला नळपार बघायचे होते, म्हणजे हापशांभोवती बांधलेल्या इथल्या भिंती आणि ओटे.

कोंडागाव कारागिरांचं गाव. घडवा लोकांची वस्ती इथे जुनी. मातीच्या गाभ्यावर मेणाचे दोरे गुंडाळायचे, वरून पुन्हा माती लिंपायची, भट्टीत मेण वितळून गेलं की त्या पोकळीत पितळ ओतायचं. हे ढोकरा काम जयदेव बघेल यांनी जगभर पोचवलं. लोहारांचं लोखंडकाम आणि लाकडावरचं कोरीवकामही इथलंच. २०१२ मध्ये कोंडागाव स्वतंत्र जिल्हा झाला आणि गावाचा चेहरा बदलायला लागला. सरकारी कचेऱ्या आल्या, जागांचे भाव चढले, रस्त्यावरची रहदारी वाढली. बाजारात हळबी ही इथली बोली कानावर पडते तेव्हा मराठी माणसाला अर्धंमुर्धं कळतंच, त्यामुळे परकं असं वाटत नाही.

नळपारांची गोष्ट मात्र त्याच्या आधीची. मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकलेल्या चित्रकार नवज्योत अल्ताफ १९९०च्या दशकात इथे आल्या आणि इथल्या कलावंतांसोबत काम करू लागल्या. राजकुमार, गेसूराम आणि लाकूड कोरणाऱ्या शांतीबाई त्यांच्याबरोबर होते. या मंडळींनी पुढे डायलॉग इंटरॅक्टिव्ह आर्टिस्ट्स असोसिएशन नावाची संस्थाही उभी केली. गावासाठी काहीतरी करायचं तर कुठे करायचं, हा प्रश्न आला तेव्हा त्यांनी चौक किंवा बाग निवडली नाही. हापसा निवडला. बायकामुली दिवसातून अनेकदा जिथे जातात ती जागा. तिथे सांडपाण्याचं डबकं असायचं, आजूबाजूला चिखल, आणि भरलेला हंडा उचलताना हात द्यायला दुसरं कुणी असेलच असं नाही.

मी एका नळपारापाशी बराच वेळ थांबलो. हापशाला तीन बाजूंनी वेढणारी सिमेंटची भिंत, तिच्यात उठवलेले आकार, ठिकठिकाणी शेवाळ. एक बाई आली. तिने हंडा भरला, दोन्ही हातांनी उचलला आणि कमरेइतक्या उंचीच्या कोनाड्यात ठेवला. मग डोक्यावर चुंबळ बसवली. तिथून हंडा वरच्या ओट्यावर गेला. मग ती जराशी वाकून हंड्याखाली आली आणि सरळ उभी राहिली. हंडा डोक्यावर. कुणाची मदत नाही, कमरेला झटका नाही. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, वर भांड्याचं वजन वेगळं. जमिनीवरून एका दमात डोक्यावर घेणं आणि असं टप्प्याटप्प्याने घेणं यात किती फरक आहे, हे मला तिथे उभं राहून कळलं. ओट्याची उंची ज्या बायका पाणी भरतात त्यांच्याशी बोलून ठरलेली. त्यासाठी कार्यशाळा झाल्या, बायकांनी, मुलांनी कागदावर चित्रं काढली, नगरपालिकेची परवानगी मिळवावी लागली. सांडलेल्या पाण्याला वाट काढून दिली.

यात कला कुठली, हे तर बांधकाम झालं, असं म्हणणारे भेटतात. मला ते अजिबात पटत नाही. हापशाभोवती गोल ओटा बांधण्याचं काम सरकारी खाती वर्षानुवर्षं करत आली आहेत. हंडा डोक्यावर कसा चढतो हे विचारावंसं कुणाला वाटलं नाही. ते विचारलं, उत्तर ऐकून घेतलं आणि त्या उत्तराला आकार दिला, हीच कला. भिंतीवरची नक्षी त्याच्या नंतरची. आपल्याकडे तालुक्यातालुक्यात 'आय लव्ह' लिहून पुढे गावाचं नाव जोडलेली रंगीत अक्षरं उभी राहतात. त्यातली किती गावाला विचारून उभी राहिली? कोंडागाव बघितल्यावर मला याचं फार वाईट वाटलं.

लहान मुलांसाठी बांधलेली पिल्ला गुडी हेही याच मंडळींचं काम. गुडी म्हणजे देऊळ, पण इथे देव नाही. मुलांनी जमायचं, चित्रं काढायची, माती मळायची, गप्पा मारायच्या. मला मुरिया आदिवासींच्या घोटुलची, तरुण मुलामुलींच्या जमण्याच्या घराची, आठवण झाली. तरुण पोरापोरींची स्वतःची जागा असावी ही कल्पना बस्तरला नवी नाही.

आता घरोघरी नळ येऊ लागलेत. ते यायलाच हवेत. बायकांच्या माना, पाठी वाचणार असतील तर त्यापुढे कुठलंही शिल्प गौण आहे. पण पाण्याच्या निमित्ताने बायका जिथे दोन घटका बोलायच्या ती जागाही त्याबरोबर गेली, तर गावात त्यांच्यासाठी दुसरी कुठे आहे? चहाची टपरी पुरुषांची, पानठेला पुरुषांचा. नळपारांची डागडुजी नगरपालिकेने करावी आणि हापसा बंद पडला तरी ओटा पाडू नये, असं मला मनापासून वाटतं. तिथे पुढे काय व्हावं हे मात्र पुन्हा त्याच बायकांना विचारावं.

जाणार असाल तर हिवाळ्यात जा आणि आठवडी बाजाराचा दिवस गाठा. रायपूर आणि जगदलपूर दोन्हीकडून दिवसभर बस आहेत. जगदलपूर साधारण ७५ किलोमीटर. नळपारांना पाटी नाही, तिकीट नाही. पाणी भरायची वेळ असेल तर कॅमेरा काढण्याआधी विचारा, आणि रांगेत कुणी असेल तर बाजूला उभे राहा.