गाठ न मारता

काळ्या कापडावर कसुती भरायला ढगाळ दुपार निवडणाऱ्या बाईला काय म्हणावं? पण श्रावणात असा मोकळा दिवस मिळतो कुठे. घरची माणसं बाहेरगावी, स्वयंपाक म्हणजे नुसता वरणभात, फोन आतल्या खोलीत चार्जिंगला. मी खुर्ची ओढून मागच्या खिडकीशी बसले. नाकावर चष्मा, मांडीवर रिंग.

कसुती मला धारवाडच्या मामीनं शिकवली. तोवर माझं भरतकाम म्हणजे शाळेतलं. रुमालावर कार्बननं गुलाब उमटवायचा आणि साखळी टाका, गहू टाका घालत सुटायचं. चुकलं तर वर आणखी एक पान काढायचं. कसुतीत ही सोयच नाही. कापडावर काही काढायचंच नसतं, उभेआडवे दोरे मोजत जायचं. गवंतीच्या टाक्यात तर आधी साधा धावदोरा घालत जायचं आणि परत येताना मधल्या मोकळ्या जागा भरायच्या, म्हणजे कापडाची दोन्ही अंगं सारखी. गाठ मारायची नाही. कानडीत गंटू म्हणजे गाठ, त्यावरून गवंती, असं सांगतात. म्हणजे नावात गाठ आणि कामात बंदी! इरकल साडीवरची गोपुरं, रथ, तुळशीवृंदावनं अशीच मोजून मोजून भरलेली. मी काही भरून नेलं की मामी पुढची बाजू बघायचीच नाही. हातात घेतलं की आधी उलटं करायची. माझ्या कापडाच्या पाठीवर दोऱ्यांचं जंगल असायचं. ती काही बोलायची नाही, परत देताना कापड सुलटं करून द्यायची, बस्स.

तर मी गोपुराच्या तिसऱ्या पायरीवर होते. चार दोरे वर, चार खाली. बाहेर कढीपत्त्याच्या काळ्या फळांवर बुलबुलांची जोडी आली, खाऊन गेली. जास्वंदीवर शिंजीर होता. तो फुलात तोंड घालायचे कष्ट घेत नाही, देठाशी बाजूनंच चोच खुपसून मध ओढतो. फुकट्या मेला. चार वर, चार खाली. मग एकदम ‘टुविट् टुविट् टुविट्’ सुरू झालं, इतकं खणखणीत की कबुतराएवढं तरी काही असेल असं वाटावं. होता शिंपी. दहा ग्रॅमसुद्धा भरत नाही हा जीव. डोक्यावर तांबूस टोपी, पाठ हिरवट, शेपटी ताठ वर.

कुंपणापाशी देशी बदामाचं रोप आहे. आम्ही लावलेलं नाही, वटवाघळांची कृपा. त्याचं एक पान कडेनं दुमडल्यासारखं दिसत होतं. कीड असेल म्हणून मी परवाच ते खुडणार होते! आता नीट पाहिलं तर कडेला पांढरे ठिपके, ओळीनं. शिंप्याचं घरटं! प्रत्येक ठिपका म्हणजे एक टाका. चोचीनं पानाला बारीक भोक पाडायचं, त्यातून कोळ्याचं जाळं किंवा कापसाचा तंतू ओढून घ्यायचा. बाहेर आलेलं टोक फुलून बोंडासारखं होतं आणि अडकून बसतं. हिलाही गाठ नको. ‘हिला’ म्हणते, कारण नाव शिंपी असलं तरी शिवते मादीच. शास्त्रीय नावात सुटोरिअस आहे, लॅटिनमध्ये सुटोर म्हणजे चपला शिवणारा. मला तेच जास्त पटतं. कपडे शिवणारा शिंपी काही आधी आरीनं भोक पाडत नाही. पान देठावर तसंच हिरवं राहतं, सुलटी बाजू बाहेर, म्हणून माझ्यासारखीला ते दुमडलेलं पानच वाटतं.

मी उठले आणि लडीतले उरलेले तुकडे, पांढरे आणि एक केशरी, खिडकीच्या कठड्यावर ठेवले. कौतुकानं. अर्धा तास गेला. ती आली, केशरी दोऱ्याकडे एका डोळ्यानं पाहिलं आणि वर ग्रिलच्या कोपऱ्यात गेली. तिथलं जळमट चोचीत गुंडाळलं, भुर्रकन उडाली. परत आली, आणखी नेलं. माझे धागे वाऱ्यानं खाली पडले.

रिंग उचलली तर गोपुर कललेलं. कुठेतरी चाराऐवजी पाच दोरे घेतले होते, बहुतेक बुलबुल आले तेव्हा. अकरा टाके उसवले. काळ्या कापडावर उसवल्याच्या खुणा राहतात, बोटाच्या नखानं दोरे सारखे केले तरी. पुन्हा भरलं. उलटं करून पाहिलं. जंगल नव्हतं, पण एका जागी दोरा तिरका गेला होता. मामीला दिसला असता.

पाच वाजता कामाच्या मावशी आल्या. बुधवारी जळमटं काढायची असतात. काठीला केरसुणी बांधून त्या थेट खिडकीकडे.

“मावशी, एवढी खिडकी राहू द्या.”

“श्रावणात? अहो ताई, सत्यनारायण आहे ना रविवारी?”

“तरी राहू द्या.”

त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि बाहेरच्या खोलीत जाऊन पंखा पुसायला घेतला, जरा जोरातच.