बारा ठरवले, मीटरवर चौदा

चोपडा तालुक्यात आमच्या नानांची केळीची बाग आहे. मोटारीची केबल दोनदा चोरीला गेली, म्हणून मार्चमध्ये मी तिथं सोलरवर कॅमेरा बसवून दिला. कॅमेरा १२ व्होल्टचा, बॅटरीही १२ ची. पण पहाटेपर्यंत बॅटरी ११.३ वर उतरायची आणि कॅमेरा बंद पडायचा. मधे एक्सएल ६००९ चं बूस्ट मॉड्यूल, म्हणजे कमी व्होल्ट वाढवून देणारं सर्किट, टाकलं, स्क्रू फिरवून बरोबर १२ लावले. रात्रीचा प्रश्न मिटला.

एप्रिलमध्ये नानांचा फोन आला. दुपारी कॅमेरा बंद पडतोय. खानदेशातलं ऊन, मी उन्हालाच दोष दिला. वर पत्र्याची सावली केली, तरी तेच. शेवटी भर दुपारी जाऊन आउटपुटवर मीटर धरला. १३.९! स्क्रू दोन्हीकडे फिरवला, आकडा हलेना. "काय जयं भाऊ?" नाना शेजारी उभे. मॉड्यूल गेलं असं सांगून मी नवं लावलं. तेही १३.९ च दाखवायला लागलं.

घरी टेबलावर सप्लाय लावून बसलो. ९ व्होल्ट दिले, १२ मिळाले. ११ दिले, १२ मिळाले. १४ दिले तर १३.६. मॉड्यूलवरच्या आयसीची (चिपची) चालू-बंद करणारी एनेबल पिन ग्राउंडला, म्हणजे मायनसला, जोडून आयसी बंदच केली, तरी १३.६. तेव्हा उजेड पडला. बूस्टमध्ये इनपुटपासून आउटपुटपर्यंत वाटेत फक्त कॉइल आणि करंट एकाच दिशेनं जाऊ देणारा डायोड असतो. डीसीला कॉइल म्हणजे साधी तार. आयसी भराभर चालू-बंद करते तो स्विच या वाटेत नसतोच, तो कॉइलच्या पुढच्या टोकापासून ग्राउंडला असतो. आउटपुट ठरवल्यापेक्षा जास्त दिसलं की आयसी स्विचिंग थांबवते, त्यापलीकडे तिच्या हातात काही नाही. इनपुट वजा डायोडचा ड्रॉप (त्यात कमी होणारे व्होल्ट), एवढं पुढे जाणारच. उन्हात चार्जिंगवर असलेली लेड-ॲसिड बॅटरी १४.४ पर्यंत चढते, ते सगळं कॅमेऱ्यावर जात होतं. म्हणजे मी फेकायला काढलेलं मॉड्यूल धडधाकट होतं.

आता दोन कॉइलवालं सेपिक मॉड्यूल लावलंय, ते व्होल्ट वाढवतं आणि कमीही करतं. त्यात मधे कपॅसिटर असतो, तो डीसी सरळ पुढे जाऊ देत नाही, त्यामुळे इनपुट वर असो की खाली, १२ च मिळतात. बूस्टपेक्षा थोडं जास्त तापतं, पण ते चालेल. विकत घेताना मात्र नुसत्या नावावर जाऊ नका, मॉड्यूलवर कॉइल मोजा. एकच दिसली तर बहुतेक ते साधं बूस्टच.

जुनं मॉड्यूल नानांच्या गोठ्यातल्या २४ व्होल्टच्या एलईडी पट्टीला दिलं. तिथं बॅटरी कधीच आउटपुटच्या वर जात नाही. पण पट्टीची वायर शॉर्ट झाली तर बॅटरीचा सगळा करंट त्याच कॉइल-डायोडमधून धावेल आणि आयसी तो अडवू शकणार नाही, म्हणून बॅटरीच्या प्लसजवळ आधी फ्यूज बसवला, मगच वायर जोडली.