तुरीनचं चॉकलेट, साताऱ्याचं दूध

इटलीतल्या तुरीनमधल्या पहिल्या हिवाळ्यात मी एका कॅफेत ‘चोकोलाता काल्दा’ मागवली. म्हणजे गरम चॉकलेट. माझ्या डोळ्यांपुढे आपलं डब्यातल्या पावडरीचं गोड दूध होतं. कपासोबत चमचा आला तेव्हाच लक्षात आलं, हे काहीतरी वेगळं आहे. कप तिरका केला तर चॉकलेट कडेला चिकटत सावकाश सरकत होतं. वर साखर न घातलेलं फेटलेलं क्रीम. बाहेर पाचलाच अंधार पडलेला. त्या परक्या शहरात मला पहिल्यांदा बरं वाटलं ते त्या कपाने.

चॉकलेट पिण्याची या शहराला जुनी सवय. इथलं बिचेरिन म्हणजे छोट्या ग्लासात थरांनी ओतलेलं चॉकलेट, कॉफी आणि क्रीम. न ढवळता प्यायचं. त्याच नावाचं कॅफे १७६३ पासून आहे.

यंदा जानेवारीत सुट्टीला साताऱ्याला आले, तेव्हा घरच्यांना हे करून घालायचंच असं ठरवून आले होते. पहिल्या दिवशी फसलं. बाजारातून आणलेली चॉकलेटची लादी वितळली छान, पण पिताना टाळूला मेणासारखा थर बसला. मग वेष्टनावरची बारीक अक्षरं वाचली. त्यात कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांतला स्निग्धांश, नव्हतंच, दुसरं वनस्पती तेल होतं. कोको बटर साधारण ३४ अंशांना, म्हणजे तोंडातल्या उबेनेच वितळतं. सगळी मजा त्यातच आहे. म्हणून लादी घेताना घटकांत कोको बटर लिहिलंय का, एवढं जरूर पाहा. नुसत्या कोको पावडरीवरही भागत नाही. दाबून कोको बटर काढून घेतल्यावर जे उरतं त्याची ती पावडर. १८२८ मध्ये हॉलंडच्या व्हॅन हाउटेन घराण्याने त्या दाबयंत्राचं पेटंट घेतलं, तेव्हापासून ती स्वस्तात मिळू लागली. रंग आणि वास ती देते, पण दाटपणाला खरं चॉकलेटच लागतं.

दुसऱ्या दिवशी तुरीनहून आणलेलं ७० टक्के कोकोचं चॉकलेट काढलं. चौघांसाठी अर्धा लिटर दूध, शंभर ग्रॅम चॉकलेट बारीक चिरून, एक मोठा चमचा कोको, दोन मोठे चमचे साखर, चिमूटभर मीठ. तिकडे याला दोन छोटे चमचे कॉर्नफ्लॉवर घालते. इथे गवळ्याकडचं म्हशीचं दूध होतं, सायीचा जाड थर धरणारं. एकच चमचा घातला आणि तोही पुरून उरला. तिकडच्या दुधात साडेतीन टक्क्यांच्या आसपास स्निग्धांश असतो, म्हशीच्या दुधात जवळजवळ दुप्पट. कंदी पेढ्यांच्या गावाला हे मी काय सांगावं!

कोको, कॉर्नफ्लॉवर आणि साखर आधी थोड्या गार दुधात कालवून घ्या. कोको विरघळत नाही, तो दुधात तरंगत राहतो. गरम दुधात एकदम टाकला तर गुठळ्या होतात. बाकीचं दूध तापलं की ही पेस्ट ओता आणि मंद आचेवर तळाशी लागू न देता ढवळा. दाट होऊन बुडबुडे यायला लागल्यावर आणखी मिनिटभर थांबा, नाहीतर पिठाची कच्ची चव राहते. मग गॅस बंद करून चॉकलेट घाला.

आता घोटायचं. मी फेटणी शोधत होते. आज्जी म्हणाली, “अगं, रवी घे की.” रवी दोन्ही तळव्यांत धरून फिरवली आणि वर असा फेस आला, जो मला तुरीनच्या स्वयंपाकघरात कधी जमला नव्हता. मेक्सिकोत, जिथून हे पेय स्पेनमार्गे युरोपात आलं, तिथे चॉकलेट घुसळायला लाकडाची मोलिनियो असते. तीही अशीच तळव्यांत फिरवतात. ताकाची रवी आणि चॉकलेटची मोलिनियो, एकमेकींना कधी न भेटलेल्या बहिणीच जणू.

आज्जीने पहिला चमचा तोंडात घेतला आणि थोडा वेळ काही बोललीच नाही. “कडू हाय,” म्हणाली, “पण बासुंदीगत आटलंय.” तिच्या वाटीत आणखी अर्धा चमचा साखर घातली, मग वाटी पुसून संपली.

उरलेलं आईने फ्रीजमध्ये ठेवलं. रात्रीत ते खरवसासारखं घट्ट झालं. थोडं दूध घालून गरम केलं की परत पातळ होतं, पण बाबांनी तेवढी वाट पाहिली नाही. सकाळी चहाच्या आधीच चमच्याने खाऊन टाकलं.